मेंदूविषयीची बातमी कशी वाचावी

‘भीतीचं केंद्र सापडलं’, ‘निर्णय तुमच्याआधी तुमचा मेंदू घेतो’, ‘प्रेमात पडल्यावर मेंदू असा उजळतो’. असे मथळे सतत समोर येतात आणि सोबत लाल-पिवळे ठिपके असलेला मेंदूचा फोटो असतो. फोटो दिसला की दावा आपोआप वजनदार वाटू लागतो. स्मरण, भावना आणि जाणीव यांबद्दल मेंदूविज्ञानाने खरोखरच थक्क व्हावं असं बरंच काही शोधलं आहे. त्यातलं पक्कं कोणतं आणि कच्चं कोणतं हे सामान्य वाचकाला ओळखता यावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी पदवी लागत नाही. बातमी समोर ठेवायची आणि पुढचे प्रश्न क्रमाने विचारायचे.

१. नेमकं मोजलं काय?

रंगीत ठिपक्यांचा फोटो बहुधा एफएमआरआयचा असतो. या यंत्राला विचार दिसत नाहीत, न्यूरॉनचे, म्हणजे मेंदूतल्या संदेशवाहक पेशींचे, विद्युत संदेशही दिसत नाहीत. मेंदूच्या एखाद्या भागाचं काम वाढलं की तिथे प्राणवायू घेऊन येणारं रक्त वाढतं, तो बदल हे यंत्र टिपतं. न्यूरॉनचा संदेश एक-दोन मिलिसेकंदांत उमटून जातो. रक्तातला बदल शिगेला पोचायला मात्र पाच-सहा सेकंद लागतात. शिवाय चित्रातल्या एका ठिपक्यात, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या घनात, लाखो न्यूरॉन मावतात.

रंग तर कॉम्प्युटरने नंतर भरलेले असतात. समजा, माणसाला आधी साधे चेहरे दाखवले आणि मग घाबरलेले. दोन्ही वेळच्या नोंदींमधला फरक जिथे ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तेवढीच जागा रंगवली जाते. बाकीचा मेंदूही तेव्हा कामातच असतो. म्हणून बातमीत ‘हा भाग उजळला’ असं वाचलं की लगेच विचारा: कशाच्या तुलनेत?

ईईजीचं गणित उलटं. डोक्यावर लावलेले इलेक्ट्रोड मिलिसेकंदांचा हिशेब देतात, पण संदेश नेमका आतल्या कुठल्या जागेतून आला हे सांगताना अडखळतात.

२. ‘उजळला, म्हणजे तसं वाटलं’ ही उडी पकडा

प्रेमाच्या वेळी एक भाग उजळतो, आता मोबाइल पाहतानाही तोच उजळला, म्हणजे माणसं मोबाइलच्या प्रेमात आहेत! २०११ साली नेमका असाच दावा एका वृत्तपत्रातल्या लेखात झाला होता. त्यातला भाग होता इन्सुला. मेंदूच्या चित्रांवर आधारलेल्या अभ्यासांपैकी जवळपास एक-तृतीयांश अभ्यासांत इन्सुला उजळलेला आढळतो: वेदनेत, किळस वाटताना, हृदयाचे ठोके जाणवताना, लक्ष एकवटताना. तेव्हा इन्सुलावरून थेट प्रेमावर जाताच येत नाही. मेंदूसंशोधक रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये या उलट्या तर्कातला धोका नीट मांडून दाखवला होता. बातम्यांमधली सर्वाधिक घसरण याच ठिकाणी होते, असं माझं मत आहे.

३. तो भाग नसेल तर काय होतं?

एखादा भाग उजळला म्हणजे त्या कामासाठी तो लागतोच, असं सिद्ध होत नाही. तो नसताना काम अडतं का, हे पाहावं लागतं. मेंदूविज्ञानातल्या भक्कम गोष्टी बहुतेक याच वाटेने आल्या आहेत.

स्मरणाचं उदाहरण घ्या. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाचे अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (कानशिलामागे खोलवर असलेल्या भागाचा) मोठा हिस्सा काढला. झटके कमी झाले, पण नवीन आठवण टिकेनाशी झाली. भेटून गेलेला माणूस काही मिनिटांनी परत आला तरी त्याच्यासाठी तो अनोळखीच. बुद्धी आणि भाषा मात्र शाबूत होती. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला एक काम दिलं: आरशात पाहत, दुहेरी रेषांच्या चांदणीच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात हात उलटा दिसतो, त्यामुळे सुरुवातीला कुणाचीही रेघ भरकटते. मोलेसनचा हात तीन दिवसांत सराईत झाला, आणि दर दिवशी त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय. हात शिकला होता, शिकल्याची आठवण नव्हती. घटनांचं स्मरण आणि हाताचं कसब मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठतं, हे कुठल्याही रंगीत चित्रापेक्षा या पेन्सिलीच्या रेघेने जास्त स्पष्ट केलं. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवायची: शस्त्रक्रियेत अमिग्डाला (हिप्पोकॅम्पसलगतचा बदामाच्या आकाराचा भाग) आणि आसपासचा भागही निघाला होता, म्हणून सगळं श्रेय एकट्या हिप्पोकॅम्पसला देताना जपून.

आता ‘भीतीचं केंद्र’. एसएम या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीचा अमिग्डाला दुर्मीळ आजारात दोन्ही बाजूंनी नष्ट झाला होता. तिने साप हातात घेतले, भुताटकीचा देखावा असलेल्या घरात ती सर्वांच्या पुढे चालत गेली. इथवर वाचून ‘केंद्र सापडलं’ म्हणायला कुणीही तयार होईल. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा मास्कमधून हुंगायला दिली, आणि ती प्रचंड घाबरली. असाच अमिग्डाला गमावलेल्या दोन जुळ्या बहिणींचंही तेच झालं. बाहेरून येणारा धोका ओळखायला अमिग्डाला लागतो, पण आतून उठणारी गुदमरण्याची भीती त्याच्याशिवायही येते. ‘केंद्र’ हा शब्द दिसला की अशा रुग्णाची नोंद आहे का, हे जरूर शोधा.

४. किती माणसं, आणि पुन्हा कुणी तपासलं का?

ही पायरी झटपट होते. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक मेलेला सॅमन मासा एफएमआरआयमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’. हजारो ठिपक्यांची एकाच वेळी तुलना करताना, निव्वळ योगायोगाने उजळणारे ठिपके गाळण्यासाठी जी सांख्यिकी दुरुस्ती करायची असते ती वगळली, तर माशाच्या मेंदूतही ठिपके उजळले. दुरुस्ती करताच नाहीसे झाले. २०२० मध्ये १०८ माणसांच्या त्याच नोंदी संशोधकांच्या ७० गटांना तपासायला दिल्या, तर काही प्रश्नांवर त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. सगळे अनुभवी आणि प्रामाणिक, तरीही! वीस-पंचवीस जणांवरच्या एकुलत्या एका अभ्यासाला म्हणून ‘सिद्ध झालं’ म्हणू नका, ‘असं दिसलं’ म्हणा.

५. त्याच नोंदीचा दुसरा अर्थ लागतो का?

बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग पाहा. मनात येईल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं वाटलं तो क्षण घड्याळावर लक्षात ठेवा. हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी ईईजीत चढ सुरू होत होता, इच्छा मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी जाणवत होती. यावरून ‘स्वतंत्र इच्छा हा भ्रम’ असे मथळे झाले. २०१२ मध्ये आरॉन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूत आपोआप होणारे चढउतार एका उंबरठ्यापाशी पोचले की हालचाल घडते, असं मानलं तरी सरासरीत तसाच चढ दिसतो. नोंद तीच, पण ‘मेंदूने आधीच ठरवलं’ हा अर्थ सक्तीचा राहिला नाही.

६. जाणिवेचा दावा असेल तर प्रश्न कुठला ते पाहा

‘जाणीव आहे का’ आणि ‘जाणीव कशी निर्माण होते’ हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात मोठं यश आहे. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटाने अपघातानंतर कुठलाच प्रतिसाद न देणाऱ्या २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं: टेनिस खेळतेय अशी कल्पना कर, मग, घरातून फिरतेय अशी. दोन्ही वेळी तिच्या मेंदूत निरोगी माणसांसारखेच वेगवेगळे भाग कामाला लागले. इथे तुलना स्पष्ट आहे, सूचना ऐकल्याखेरीज हा फरक पडणं अवघड आहे. मला या क्षेत्रातलं हे सर्वांत हृद्य काम वाटतं.

दुसरा प्रश्न अजून खुला आहे. न्यूरॉनची संख्या हे उत्तर नाही, कारण मेंदूतल्या ८६ अब्जांपैकी सुमारे ६९ अब्ज डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत (सेरेबेलममध्ये) असतात, आणि त्याला मोठी इजा झाली तरी जाणीव टिकते. जाणीव कशी निर्माण होते याच्या दोन प्रमुख सिद्धान्तांची समोरासमोर चाचणी २५६ जणांवर झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात दोघांचीही काही महत्त्वाची भाकितं चुकली. तेव्हा ‘जाणिवेचं कोडं सुटलं’ असा मथळा दिसला तर पुढे जायला हरकत नाही.

७. सरासरी तुम्हाला लागू करण्याआधी थांबा

वरचे बरेच निष्कर्ष गटाच्या सरासरीचे आहेत. ‘नैराश्यात अमुक भाग लहान असतो’ हे गटात दिसलं, तरी एकट्या माणसाच्या स्कॅनवरून नैराश्य ठरवता येत नाही. दोन्ही गटांची मापं एकमेकांत खूप मिसळलेली असतात. डॉक्टर एमआरआय सांगतात तो गाठ, रक्तस्राव, पक्षाघात अशी कारणं तपासायला. नैराश्याचं निदान मनोविकारतज्ज्ञ तुमच्याशी बोलून, झोप, भूक, मनःस्थिती आणि ती किती दिवसांपासून अशी आहे हे विचारून करतात. ‘मेंदूचा स्कॅन करा, स्वभाव ओळखा’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी त्यांना वरचे पहिले चार प्रश्न लेखी विचारा.