परमिट रूमचा अर्ज: आधी ग्रामसभा, मग फर्निचर

सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून मी नोकरी केली. आता निवृत्त आहे, तरी हॉटेलवाले कागद घेऊन घरी येतात. गावात एफएल-3, म्हणजे परमिट रूमचा परवाना हवा असेल, तर पहिलं काम जागा मोजण्याचं. शाळा, देऊळ आणि एसटी स्टँडपासून 75 मीटर अंतर लागतं. ते दारापासून दारापर्यंत, माणूस पायी जातो त्या वाटेनं मोजतात. जागा हायवेलगत असेल तर भाडेकरार करण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागात विचारून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने हायवेपासून 500 मीटर अंतराची अट घातली, 20 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ती 220 मीटरवर आणली आणि पुढे तिच्यात सवलतीही आल्या. तुमच्या गावाला त्यातलं काय लागू होतं, हे निरीक्षकच सांगतील.

बाकीचे कागद नेहमीचेच आहेत: जागेचा उतारा किंवा करार, बांधकाम परवानगी, नकाशा, अन्न परवाना, पोलिसांचा चारित्र्य दाखला. अर्ज ऑनलाइन भरतात. निरीक्षक जागा पाहून जातात, प्रकरण अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं.

खरा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावाचा, म्हणजे परवान्याला गावाच्या संमतीचा. ग्रामसभेची नोटीस निघते तेव्हाच तुमचा विषय अजेंड्यावर स्वच्छ शब्दांत असला पाहिजे: कोणाचा अर्ज, कोणता मिळकत नंबर, कसला परवाना. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात दारूचा विषय कधीही घालू देऊ नका. सरपंच म्हणतील, आपलीच माणसं आहेत, होऊन जाईल. असा ठराव पहिल्याच तक्रारीत अडकतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे स्वतः जा. दुकान किती वाजता बंद होणार, बाहेर बाटल्या पडल्या तर कोण उचलणार, शाळेच्या वाटेवर कोणी झिंगत उभं राहिलं तर काय करणार, हे त्या विचारतात आणि विचारायलाच हवं. उत्तरं देता येत नसतील तर अर्ज करू नका.

मी हे कळकळीनं सांगतो, कारण परवाना मिळाला म्हणजे गावाचा अधिकार संपत नाही. 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी ‘आडव्या बाटली’वर, म्हणजे मतपत्रिकेवरच्या बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारला की दुकान बंद. फर्निचर, डिपॉझिट, परवाना फी, सगळं त्यात जातं. चोरून घेतलेल्या ठरावावर लाखो रुपये गुंतवणाऱ्याला मी म्हणूनच थांबवतो.

सभा झाली की प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, हजेरीच्या सह्या, सूचक, अनुमोदक आणि विरोध करणाऱ्यांची नावं आली आहेत ना, ते तिथल्या तिथे वाचून घ्या. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी दोन प्रतींत मागा: एक अर्जाला, एक तुमच्या फाइलला. परवान्याची मुदत 31 मार्चला संपते, नूतनीकरणाची फी त्याआधी भरावी लागते.