ज्येष्ठांच्या सर्वेक्षणात मुठीची ताकद कशी मोजावी

म्हातारपणी स्नायू किती उतरलेत हे गावात, ओसरीवर बसून मोजायचं तर हाताच्या डायनामोमीटरइतकं (मुठीत दाबून ताकद किलोत दाखवणारं यंत्र) सुटसुटीत साधन नाही. पण म्हातारपणीच्या स्नायूक्षयावर (सार्कोपेनिया) काम करणाऱ्या आशियाई कार्यगटाची २०१९ची मर्यादा पाहा: पुरुष २८ किलोच्या खाली, स्त्री १८ किलोच्या खाली म्हणजे ताकद कमी. अशाच युरोपीय गटाचे आकडे २७ आणि १६. इतक्या कमी अंतरात कोपर सरळ की वाकलेलं, एवढ्यानेही माणूस इकडचा तिकडे जातो. म्हणून पद्धत आधी लिहून काढा आणि सगळ्या तपासनिसांकडून घोटून घ्या.

यंत्र एकाच जातीचं ठेवा. हायड्रॉलिक जामार आणि स्प्रिंगचा स्मेडली यांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. देवनारच्या आयआयपीएसने (लोकसंख्या अभ्यासाची संस्था) २०१७-१८ मध्ये केलेल्या लासी या ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीत स्मेडली होता. तिच्याशी तुलना करायची असेल तर स्मेडलीच घ्या आणि शरीराची ठेवणही तिच्या नियमावलीप्रमाणे ठेवा. पुढची कृती जामारची, साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या धर्तीवर.

हात असलेली खुर्ची स्वतःची न्या. घरोघरच्या खुर्च्या वेगवेगळ्या उंचीच्या, आणि खाटेवर बसवून मोजलेलं तर मोडीतच काढावं लागतं. तळपाय जमिनीवर टेकलेले, कोपरापासूनचा हात खुर्चीच्या हातावर, मनगट टोकाच्या जरा पुढे, अंगठा वर. अंगठी आणि घट्ट बांगड्या शक्य असेल तर काढायला सांगा. यंत्राची मूठ आतून दुसऱ्या खाचेत लावा आणि यंत्राचं वजन तुम्ही खालून तळहातावर हलकेच तोला, काटा मात्र अडकू देऊ नका. आधी एकदा स्वतः दाबून दाखवा.

उजव्या हातापासून सुरुवात. मग डावा, पुन्हा उजवा, अशा प्रत्येकी तीन खेपा. आळीपाळीने केलं की हाताला आपोआप विसावा मिळतो. शब्द ठरलेलेच: "आजी, जोरात दाबा, अजून, अजून... सोडा." एका आजींना "शाब्बास" आणि दुसऱ्यांना नुसतं "दाबा" म्हटलं की तो फरक आकड्यात उतरतो. काटा चढायचा थांबला की वाचा, जवळच्या पूर्ण किलोत लिहा, काटा शून्यावर आणा. सहाही आकडे नोंदवा. विश्लेषणात सर्वांत मोठा धरा.

तबकडीवर किलो आणि पौंड दोन्ही असतात. सत्तरीतल्या बाईंची नोंद ३७ दिसली तर आधी पौंड वाचलेत का ते पाहा. शिवाय खुणा दोन-दोन किलोंवर असल्याने समसंख्या वाढतात. प्रत्येक तपासनिसाचे शेवटचे अंक आठवड्याला मोजलेत तर कोण अंदाजाने लिहितोय ते लगेच कळतं.

सगळ्यात मोठं नुकसान रिकाम्या रकान्यांमुळे होतं. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेले, पक्षाघात झालेले लोक दाबू शकत नाहीत. त्यांना गाळलं तर गाव आहे त्याहून धट्टंकट्टं दिसतं, आणि शून्य लिहिलं तर सरासरी खोटी पडते. म्हणून कारणाला वेगळा संकेतांक द्या: दुखतं, गेल्या सहा महिन्यांत हाताची शस्त्रक्रिया, नकार, यंत्र बिघडलं. एकच हात चालत असेल तर त्या हाताच्या तीन खेपा घ्या.

वयाचंही तसंच. आधारवर १ जानेवारी ही ठोकळ जन्मतारीख असेल तर तेवढ्यावर थांबू नका. पानशेतचा पूर (१९६१), कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तरचा दुष्काळ यांपैकी जे त्या भागात आठवतं ते विचारा: तेव्हा लग्न झालं होतं का, पहिलं मूल केवढं होतं? नाहीतर ६०, ६५, ७० या वयांवर ढीग साचतो.

जोडीला खुर्चीतून पाच वेळा उठण्याची वेळ घ्या: हात छातीवर, आशियाई मर्यादा १२ सेकंद. घड्याळ पाचव्यांदा उभं राहताच थांबवायचं की बसल्यावर, हे मात्र पहिल्या दिवसाआधी ठरवा.