फ्लॅटबेडचा हेड घासला, त्यानंतर मी काय बदललं

आमच्या यूव्ही फ्लॅटबेडवर (सपाट टेबलावर शीट ठेवून छापणारा आणि शाई यूव्ही लॅम्पने सुकवणारा प्रिंटर) ३ मिमी सनबोर्डचं (फोमच्या कडक शीटचं) काम चालू होतं. एका शीटचा कोपरा जरासा वर उचललेला. कॅरेज (शाई फवारणारा हेड घेऊन फिरणारा भाग) तिथून गेलं आणि खर्रकन आवाज आला. इमर्जन्सी बटण दाबेपर्यंत दुसरी फेरीही झाली होती. नोझल चेकमध्ये (हेडच्या बारीक भोकांतून शाई नीट येते का, हे पाहणारी चाचणी) काळ्या रंगाच्या रेघा गायब! फ्लशिंग लिक्विडने हळुवार साफ केल्यावर थोड्या परत आल्या, पण नोझल प्लेटवर ओरखडा असेल तर सफाईने काही होत नाही. हेड बदलावाच लागला. त्या रात्री झोप लागली नाही.

चूक माझीच होती. जाडी मी एकाच ठिकाणी मोजायचो. आता व्हर्नियरने चारही कोपरे आणि मधला भाग मोजतो आणि सगळ्यांत मोठा आकडा मशीनला देतो. हेड आणि शीटमध्ये निदान २ मिमी अंतर ठेवतो. छपाई किंचित धूसर दिसली तरी चालेल. शीट टेबलाला ओढून धरणाऱ्या व्हॅक्यूमची उघडी भोकं टाकाऊ शीटने झाकतो, नाहीतर ओढ कमी पडते. कडा पातळ टेपने दाबतो. बाक आलेली शीट सरळ बाजूला काढतो, ग्राहक कितीही घाई करो. रोज सकाळी पुठ्ठा आडवा धरून सेन्सरमुळे कॅरेज थांबतं का, तेही पाहतो.

आणखी एक, आरशासारखं अ‍ॅक्रिलिक असेल तर लॅम्पची तीव्रता कमी करा. परावर्तित यूव्ही प्रकाशाने शाई नोझलवरच सुकते.