जुनी ब्रिटिश गाडी घेताय? निदान या चुका तरी करू नका

मार्च संपत येतो, घड्याळं तासभर पुढे जातात, इंग्लंडात सलग दोन दिवस ऊन पडतं आणि माझा फोन वाजायला लागतो. "काका, एक एमजीबी बघितलीय. लाल आहे. क्रोम बंपर, तारांची चाकं. फोटो पाठवू?" पोरगा तिशीतला, पुण्या-नाशिकहून आलेला, इथे नोकरीत नीट रुळलेला. मी दरवर्षीचाच प्रश्न विचारतो, "खाली आडवा होऊन बघितलंस का?" पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर येतं, "नाही, पण आतलं लेदर एकदम नवीन आहे."

लेदर! अरे बाबा, लेदरवर गाडी उभी राहत नाही.

एमजीबी ही एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला बनली. पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे आजही निवडायला भरपूर आहेत. घाई करायचं काहीच कारण नाही. तरी जो तो पहिलीच बघितलेली गाडी उचलतो. मीही तेच केलं होतं, म्हणून हे सगळं अधिकाराने सांगतोय.

रंगावर भाळू नका

या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखाली जी लांब पेटी दिसते ना, सिल, तोच हिचा कणा. वर छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये तर सगळा भार तिच्यावरच. बाहेर एक पत्रा, आत एक पत्रा, मध्ये उभा पडदा आणि खाली खाचाखाचांची पट्टी. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाचा चिखल पुढच्या मडगार्डच्या आत साठतो, तिथून सिलमध्ये उतरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप पत्रा खात बसतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

माझी १९७१ ची रोडस्टर मी एका निवृत्त गृहस्थाकडून घेतली. मे महिन्यातली दुपार, बागेत गुलाब, गाडी धुऊनपुसून उभी केलेली. बाई चहा-बिस्किटं घेऊन आल्या. माणूस इतका सालस की त्याच्यासमोर गाडीखाली वाकणं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं. आपल्याकडचा भिडस्तपणा, दुसरं काय! मी टायरला दोन लाथा मारल्या, हॉर्न वाजवून बघितला आणि पैसे मोजले.

पुढच्या शनिवारी चाक काढायचं म्हणून मूळ जॅकचा खुंटा सिलखालच्या नळीत घातला आणि दांडा फिरवायला लागलो. जॅक वर चाललाय, गाडी मात्र जागेवर. मला वाटलं स्प्रिंगांचा ताण निघतोय, तेवढं होणारच. आणखी चार फेरे दिले. मग पापड मोडल्यासारखा आवाज झाला आणि जॅक सरळ सिलच्या पोटात घुसला. गुडघ्यावर बसून आत बॅटरी मारली. वर रंग, रंगाखाली बोटभर पुट्टी, पुट्टीखाली जाळी, आणि जाळीमागे पिवळा फोम, खिडकीच्या फटी बुजवायला वापरतात तो. पत्र्याचं नावच नाही. हाताशी आली ती ओंजळभर तांबडी पूड. ती मी बरणीत भरून गॅरेजच्या फळीवर ठेवली आहे. फोन करणाऱ्या पोरांना आधी तिचा फोटो पाठवतो.

दोन्ही बाजूंच्या सिलांचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला. त्या गृहस्थालाही यातलं काही ठाऊक नसावं, असं मी आजही मनाला समजावतो.

म्हणून आता माझी सवय अशी. खिशात फ्रिजवरचा चुंबक, त्याला पातळ फडक्याचा तुकडा. सिलवर आणि मडगार्डच्या खालच्या वीतभर भागावर फिरवायचा. चिकटला नाही तिथे पुट्टी. मग दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वरून खाली बघायची. वर निमुळती आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध बसली आहे, मालकाला नमस्कार करून निघायचं. शेवटी जॅक लावून एक बाजू उचलायची आणि त्या बाजूचं दार उघडून लावून बघायचं. उघडताना किंवा लागताना अडकलं तर पुढे बोलायचं कारण नाही. विकणारा जॅक लावू देत नसेल, तर तेही उत्तरच आहे.

आणि "सिल नवीन टाकलेत" यावर लगेच माना डोलावू नका. कुजक्या सिलवर वरून नवा पत्रा ठोकायचा, याला इथे मोठ्या दिमाखात 'कव्हर सिल' म्हणतात. आपण त्याला ठिगळ म्हणतो. खरं काम करायचं तर मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, दाराच्या चौकटीत आधाराची सळई आधी लावावी लागते, नाहीतर कापताक्षणी गाडी वाकते आणि मग दार जन्मात बसत नाही. सांगाडा अगदीच गेला असेल तर जुन्या साच्यांवर बनवलेली नवी कोरी बॉडी मिळते, १९८८ पासून मिळतेय. पण तिचा भाव ऐकून खाली बसावं लागतं.

याला जोडूनच एक सापळा. इथे चाळीस वर्षांवरच्या, फारशा न बदललेल्या गाडीला २०१८ पासून एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीची, सक्ती नाही. जाहिरातीत ते "टॅक्स नाही, एमओटी नाही" असं झोकात लिहिलेलं असतं. त्याचा खरा अर्थ, गाडीखाली कित्येक वर्षांत कोणी तिऱ्हाइताने डोकावलेलं नाही. स्वतःहून टेस्ट करून घेतलेलीच गाडी घ्या. सरकारी साइटवर नंबर टाकला की आधीच्या टेस्टचे निकाल फुकट दिसतात. तेवढंही न बघता येणाऱ्यांबद्दल मी काय बोलू?

पार्ट बदलत सुटू नका, आधी अर्थिंग बघा

ही माझी दुसरी लाडकी चूक. लाडकी, कारण तीही मीच करून बसलोय.

गॅरेजमध्ये क्लच बदलून आणला. चार दिवसांनी सेल्फ मारला तर इंजिन कण्हत कण्हत फिरायला लागलं. मी बॅटऱ्या बदलल्या. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन, त्याही सीटच्या मागे जमिनीखाली, हात सोलून निघतो. फरक शून्य. मग सेल्फची मोटर बदलली. तरी तेच. एका गारठलेल्या सकाळी चोक ओढून सेल्फ मारला, दोनदा, तीनदा. काहीतरी जळल्याचा वास आला. चोक आत ढकलायला गेलो तर बोटं भाजली. चोकची वायर, जिचा विजेशी काडीचा संबंध नाही, ती तव्यासारखी तापलेली!

तेव्हा सांगलीचे मिस्त्री आठवले. वडिलांची अँबॅसिडर होती. ती म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि माझ्या एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच बी-सिरीज घराण्यातली. पहिल्यांदा झडपांवरचं टॅपेटचं झाकण उघडलं तेव्हा मला गावाकडचा माणूस परदेशात भेटल्यासारखं झालं होतं. मिस्त्री गाडीपाशी आले की कशालाही हात लावायच्या आधी खिशातली जाड वायर काढायचे, एक टोक इंजिनला, दुसरं बॉडीला धरायचे आणि म्हणायचे, "मार आता सेल्फ."

तेच केलं. जंप लीडचं एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, दुसरं बॉडीला. सेल्फ असा फिरला की शेजाऱ्याचं कुत्रं भुंकायला लागलं. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी तांब्याची एक वेणी असते, तेच त्याचं अर्थिंग. क्लच बदलताना ती सोडलेली, परत लावायची राहिलेली. मग सेल्फचा सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या वायरीतून घरी परतत होता. वेणी किरकोळ किमतीची. बॅटऱ्या आणि मोटर मिळून मी किती घालवले ते आमच्या घरात अजून कोणाला माहीत नाही.

ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगवरचे अंधाराचे विनोद मीही ऐकलेत. पन्नास वर्षांच्या गंजलेल्या जोडावर पॉलिश पेपर न मारता विनोद कसले सांगता? दिवा मंद असेल तर बल्ब नको, अर्थिंगचा जोड घासा. इंडिकेटर लावला की मागचा दुसराच दिवा लुकलुकतो? अर्थिंग घासा. आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, हे रेडिओ जोडायच्या आधी वाचा, धूर निघाल्यावर नको.

कार्बोरेटरला शेवटी हात लावा

गाडी मिसिंग करायला लागली की नवशिका पाना घेऊन थेट एसयू कार्बोरेटरच्या नटाकडे धावतो. दोन आहेत ना, मग दोन्ही फिरवून ठेवतो. आता मूळ बिघाड अधिक हा नवा बिघाड. आधी ठिणगीचा करंट तोडणारे पॉइंट बघा, गॅप पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. मग प्लग, पंचवीस थाऊ. मग टॅपेटची गॅप, थंड इंजिनवर पंधरा. दहातल्या आठ वेळा मला तिथेच चोर सापडलाय. कार्बोरेटरच्या वरची टोपी काढून ऑइल आहे का तेवढं मात्र जरूर बघा, कोणी बघत नाही. मी इंजिनचंच २०डब्ल्यू-५० घालतो. त्यावर वाद घालणारे आहेत, त्यांनी खुशाल घालावा.

ठिणगीच्याच यंत्रणेतला नवा रोटर आणि नवा कंडेन्सर म्हणजे चांगलाच, असंही नाही. हल्ली मिळणारे काही तासाभरात मान टाकतात. जुना चालू रोटर फेकू नका, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

बाकीच्या चुकांवर फार शाई खर्च करत नाही.

मिलिमीटरचे पाने वापरू नका. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिमी. त्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे खातो. इंचाचा सेट घ्या, स्वस्त मिळतो.

पेट्रोल ई-१० भरू नका. सप्टेंबर २०२१ पासून इथे साधं पेट्रोल तेच आहे. त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. सुपर घ्या, आणि पाइप इथेनॉलला टिकणारे टाका. मी इंजिनवर गळती बघितली आहे, तुम्ही बघू नका.

ग्रीस पुस्तकात लिहिल्यापेक्षा आधी द्या. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंट्याला, तीन हजार मैल लिहिलंय, मी पंधराशेला देतो. मॉरिस मायनरवाल्यांनी तर देवपूजेसारखं द्यावं, नाहीतर एक दिवस पुढचं चाक आडवं झोपतं. ट्रायम्फ हेराल्डचं मात्र उलटं. हीच ती गाडी जी मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनायची. तिच्या पुढच्या ट्रनियनला, म्हणजे चाकाचा खांब ज्यात फिरतो त्या सांध्याला, ग्रीस नाही, ईपी-९० गिअर ऑइल लागतं. ग्रीस मारून पुण्य मिळवायला जाल आणि वळणावर खांब तुटेल.

रबर बंपरला नाकं मुरडू नका. १९७४ मध्ये अमेरिकी नियमांपायी तो आला आणि गाडी उंच झाली, दिसायला वाईट झाली, मान्य. पण चांगल्या सिलची रबर बंपरवाली मी कुजक्या क्रोमवालीपेक्षा कधीही घेईन.

गेल्या वर्षी एकाने माझं ऐकलं. लेस्टरमध्ये भर पावसात ऑफिसच्या कपड्यांत रस्त्यावर आडवा झाला आणि तिथूनच फोन केला, "काका, चुंबक पडतोय." लाल गाडी सोडली. दोन महिन्यांनी १९७८ ची, शेणाच्या रंगाची, रबर बंपरची जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी, घेतली. दिसायला यथातथा, सिल ठणठणीत.

काल रात्री त्याचाच मेसेज आला. चावी फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक सुरू होते आणि थांबतच नाही, पंप बदलू का? टाकीत पेट्रोल आहे का, एवढंच विचारलंय. अजून उत्तर नाही.