मेशचा एक ड्रेस, दोन नवी रूपं

लंडनच्या फिसायो लोंगे यांच्या काई कलेक्टिव्ह या फॅशन ब्रँडचा ‘गाया’ छापाचा मेश (जाळीदार, पातळ कापडाचा) ड्रेस २०२० मध्ये गाजला. पण तो अंगासरसा नि भडक. एकदा पार्टीत मिरवला की कपाटातच पडून राहतो.

१. वरून सैल स्वेटर घाला आणि स्वेटरची खालची कड आत दुमडून कमरेवर आणा. झाला स्कर्ट! स्वेटरचा रंग छापातला सर्वांत फिका घ्या. गडद रंगाखाली छाप दबतो.

२. ऑफिसला मोठा पांढरा शर्ट, बटणं उघडी, टोकांची कमरेशी गाठ.

आत कांतीच्या रंगाची स्लिप हवीच.

घड्याळ, खड्यांची अंगठी ड्रेस चढवल्यावरच घाला. मेशचा एक धागा अडकून ओढला गेला, तर तिथे चुणी पडते.