चवथ सांभाळून परदेश: सणांच्या तारखा धरून सहल कशी आखायची

आमचा होमस्टे तारकर्लीत. लोकांना सुट्टी असते तेव्हा आम्हाला नसते, हे या धंद्यात पहिल्याच मे महिन्यात कळतं. त्यामुळे परदेशातला एखादा सण बघायला जायचं म्हटलं की 'जगातले दहा सुंदर उत्सव' छापाच्या याद्या आमच्या कामाच्या नसतात. सण कितीही देखणा असला तरी तो आमच्या मोकळ्या दिवसांत पडायला हवा. म्हणून मी उलटीकडून सुरुवात करते. डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की पेन्सिल घेऊन आधी आपण कधी जाऊ शकत नाही ते खोडते.

माझं खोडणं असं. शिमगा, कारण पालखी दारात येते तेव्हा घराला कुलूप चालत नाही. एप्रिल-मे, कारण एकीकडे पाहुणे आणि दुसरीकडे आंबा. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात आधी नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, म्हणून ती जाहीर झाल्याशिवाय फेब्रुवारीचं कुठलंच तिकीट नाही. आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. तिथे चर्चाच नाही. सासूबाईंचं एकच वाक्य असतं, "चवथीक घरात व्हया म्हंजे व्हया." चवथीच्या आधीचे दहा-बारा दिवससुद्धा खोडा. साफसफाई, रंग, माटवीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान, हे कोण करणार? तुमचा गणपती दीड दिवसाचा की अकरा दिवसांचा यावर सप्टेंबरातलं पुढचं गणित. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट नाव ऑक्टोबरचं लावतो, पण सुरू होतो सप्टेंबरच्या मध्यावर. २०२६ मध्ये चवथ १४ सप्टेंबरला आणि तो १९ ला. दीड दिवसवाले जातील, अकरा दिवसवाल्यांनी सुरुवातीचा नाद सोडावा.

एवढं खोडून उरतं काय? जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचा पाऊसकाळ, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर नोव्हेंबरातले काही दिवस आणि जानेवारीचा उत्तरार्ध. १ जूनपासून मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, पाहुणे तुरळक. (तरी जुलैत फोन येतात, "काकू, ताजी सुरमई मिळेल ना?" सण असो की मासा, हंगाम विचारून निघावं.) आता या मोकळ्या जागांत काय बसतं ते बघायचं.

सोपे ते आधी. इंग्रजी तारखेला बांधलेले सण दरवर्षी त्याच दिवशी येतात, त्यामुळे वर्षभर आधीही ठरवता येतात, आणि आमच्या पाऊसकाळात ते भरपूर आहेत. मंगोलियात उलानबातरला ११ ते १३ जुलै नादाम, म्हणजे कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यती. यातल्या शर्यती शहराबाहेर माळावर होतात, हे हॉटेल निवडताना लक्षात ठेवा. जपानमध्ये क्योतोला गिओन मात्सुरी महिनाभर चालतो, पण लाकडी रथांच्या मोठ्या मिरवणुका १७ आणि २४ जुलैला. मला विचाराल तर १७ च्या आधीच्या दोन संध्याकाळी जास्त रंगतात. रस्ते चालणाऱ्यांसाठी मोकळे, रथांवर कंदील, खाण्याच्या गाड्या. उकाडा मात्र आपल्या मे महिन्यासारखाच. पेरूतल्या कुस्कोचा इंती रायमी, म्हणजे इंका लोकांचा सूर्याचा सण, २४ जूनला असतो, पण तेवढ्या लांबच्या तिकिटाला आंबा फार चांगला विकला गेला पाहिजे.

चंद्रावर चालणारे सण

इथे आपल्याला इतरांपेक्षा एक सोय आहे, आपल्या भिंतीवर पंचांग असतं. श्रीलंकेत कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूची मिरवणूक, ऑगस्टच्या पौर्णिमेला संपते. तीच आपली नारळी पौर्णिमा. २०२५ ला ८ ऑगस्टला इकडे समुद्राला नारळ गेला आणि त्याच रात्री तिकडे शेवटची मोठी मिरवणूक निघाली. थायलंडचा लॉय क्राथोंग बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला पडतो. केळीच्या खुंटाची चकती, तिच्याभोवती दुमडलेली केळीची पानं, झेंडू, मेणबत्ती, उदबत्ती, आणि ते सगळं नदीत सोडायचं. आपल्याकडच्या कोणाही बाईला ते न शिकवता जमेल.

पण नुसत्या पंचांगावर विसंबून पैसे भरू नका. अधिक महिना ते लोकही घालतात, पण आपल्या वर्षी घालतीलच असं नाही. २०२० मध्ये आपल्याकडे अधिक आश्विन आला, त्रिपुरी पौर्णिमा नोव्हेंबरच्या अगदी अखेरीला गेली, आणि लॉय क्राथोंग ३१ ऑक्टोबरलाच होऊन गेला होता. बालीचं न्येपी, म्हणजे तिथल्या नववर्षाचा मौनाचा दिवस, २०२३ ला नेमकं गुढीपाडव्याला होतं. पुढच्याच वर्षी ते ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला. तेव्हा पंचांगावरून अंदाज बांधा, आणि त्या देशाच्या पर्यटन खात्याने किंवा देवस्थानाने तारीख जाहीर केली की मगच न परतणारं तिकीट काढा. तोवर हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घ्या.

कँडीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्यासाठी परदेशातला पहिला सण म्हणून मी डोळे मिटून तोच सुचवीन. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांच्या आसपास, तिथून कँडीला रेल्वे. मिरवणुकीच्या दहा रात्री असतात. पहिल्या पाच कुंबल, पुढच्या पाच रांदोली. रांदोली मोठी, आणि रोज वाढत जाते. रस्त्याकडेचे दुकानदार खुर्च्या विकतात, त्यांचे भावही रोज वाढतात. शेवटच्या रात्रीचा हट्ट धरू नका. रांदोलीच्या पहिल्या-दुसऱ्या रात्री हत्ती, ढोल, नाचे सगळं बघायला मिळतं आणि पैसे बरेच वाचतात. फुटपाथवर चटई टाकून फुकटही बसता येतं, मात्र दुपारीच जागा धरायची, छत्री आणि खाणं सोबत घेऊन.

सर्वांत पुढे चाबूकवाले येतात. लांब चाबूक डोक्यावर फिरवून रस्त्यावर असा काढतात की छातीत धडधडतं. त्यांच्या मागून मशाली. काठीच्या टोकाला लोखंडी पिंजरा, आणि त्यात जळतं काय, तर सुकं खोबरं. गोण्या घेऊन माणसं बाजूने चालतात आणि पिंजरे रिकामे होतील तशी वाट्यांची भर घालतात. खोबरेल तापल्याचा तो वास नाकात शिरला आणि माझ्या मनात आधी सुक्या खोबऱ्याचा आमच्याकडचा भाव आला, भक्तिभाव नंतर! दिव्यांच्या झुली घातलेले हत्ती बघून हरखायला होतं, पण पायात साखळ्याही दिसतात. ज्यांना ते बघवणार नाही त्यांनी हा सण निवडू नये.

राहायला कँडीच्या मध्यात महाग पडतं. सहाएक किलोमीटरवर पेरादेनिया आहे, तिथलं वनस्पती उद्यान एरवीही बघण्यासारखं. संध्याकाळी रस्ते बंद होतात, त्यामुळे परतीची रिक्षा दूर उभी राहते, चालायची तयारी ठेवा. दंतमंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. पौर्णिमेला तिकडे सरकारी सुट्टी आणि दारूविक्री बंद, हे ज्यांना लागू आहे त्यांनी ध्यानात घ्यावं.

थायलंडला चियांग माईत लॉय क्राथोंगच्याच दिवसांत आकाशकंदील सोडतात. हजारो कंदील एकदम वर जातानाचे जे फोटो तुम्ही बघितलेत ते बहुतेक शहराबाहेरच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमांतले. त्या रात्री तिथल्या विमानांच्या वेळा बदलतात, काही रद्दही होतात, म्हणून त्या संध्याकाळी ना पोचा, ना निघा.

हवेवर अवलंबून असलेल्या गोष्टी म्हणजे साकुरा (जपानमधला चेरीचा बहर) वगैरे. तोक्यो-क्योतोला तो मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतो. आंबेवाल्यांनी फोटो बघावेत. त्याऐवजी क्योतोची लाल पानं घ्या, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ओमानच्या सलालाला जून ते सप्टेंबर पाऊस आणि धुकं असतं, आखातातले लोक तिथे हिरवळ बघायला गर्दी करतात. कोकणी माणसाने पैसे भरून पावसातून पावसात का जावं, ते त्याचं त्याने ठरवावं.

सण रस्त्यावरचा की घरातला

हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते, आणि तो याद्या करणाऱ्यांना सुचत नाही. आमच्याकडे चवथीला अचानक कोणी पर्यटक उगवला तर त्याला काय दिसतं? मालवणची बाजारपेठ आदल्या दिवशी ओसंडून वाहते, आणि चवथीला हॉटेलं बंद, रस्ते सुने. सगळं घराघरांत चाललेलं. व्हिएतनामचा तेत, म्हणजे तिथलं नववर्ष, आणि चिनी नववर्ष तसेच आहेत. २०२६ ला दोन्ही १७ फेब्रुवारीला. त्यांचे चाकरमानी गावी जातात, आठवडाभर गाड्या-विमानं भरलेली, पुष्कळ दुकानं बंद. ते बघायचं तर सणाच्या आधीचा आठवडा गाठा, फुलांचे बाजार आणि खरेदीची धांदल तेव्हाच असते. घरी बोलावणारं कोणी ओळखीचं असेल तर गोष्ट वेगळी.

न्येपी तर सक्तीचं मौन आहे. बालीचा विमानतळ २४ तास बंद, रस्त्यावर कोणी नाही, पर्यटकालाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. आदल्या संध्याकाळी मात्र ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसांच्या अजस्र प्रतिमा, नाचवत काढतात. आदल्या दिवसासाठी जा आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन बसा. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. मुस्लिम देशांत त्या महिन्यात दुपारी जेवण मिळायला त्रास होऊ शकतो, पण इफ्तारनंतरच्या रात्री जाग्या असतात.

कागदपत्रं आणि पाऊस

व्हिसाचे नियम सारखे बदलतात, म्हणून त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघा, एजंटच्या जुन्या मेसेजवर नको. पासपोर्ट परतल्यानंतरही सहा महिने चालणारा असावा. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल एरवी पंधरा दिवसांत, पण हंगामात जास्त वेळ लागतो. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्र गाठावं लागतं. जुलैत जायचं असेल तर हे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका, मे महिन्यात धंदा सोडून कोण जाणार? आणि होमस्टेवाल्यांनो, पैसे रोख घेऊन डब्यात ठेवत असाल तर बँकेचं स्टेटमेंट व्हिसावाल्यांना काही सांगत नाही. वर्षभर आधीपासून खात्यात फिरवा, रिटर्न वेळेवर भरा.

पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकावर, कमी वेगाने चालते. दरड आली तर सगळंच ठप्प. मुंबईहून विमान असेल तर कुडाळहून अशी गाडी धरा की विमानाआधी मुंबईत एक अख्खी रात्र मिळेल. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईला उडून पुढचं विमान पकडणार असाल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पावसामुळे पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीला लावावी लागते, वेगळ्या तिकिटांवर ती जबाबदारी तुमची.

सणाच्या दोन दिवस आधी पोचा. परतताना दुसऱ्याच दिवशी निघू नका, तेव्हा सगळेच निघतात. आणि पेराहेरा बघून घरी येणाऱ्यांनी आणखी एक तारीख लिहून ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर साधारण अडीच आठवड्यांत चवथ येते. तिकडे जास्त रेंगाळलात तर मुंबईहून गावाला यायचं तिकीट चाकरमान्यांशी स्पर्धा करून मिळवावं लागतं. ते आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं आणि चवथीच्या गाड्या बघता बघता भरतात. तेव्हा विमानाची तारीख पक्की करायच्या आधी त्या सकाळचा अलार्म लावून ठेवा.