शाळा आणि ग्रंथालयाची ई-मेल व्यवस्था कशी उभारावी आणि कशी सांभाळावी

आवक-जावक नोंदवही कोणी घरी घेऊन जात नाही. ती कार्यालयाच्या कपाटात राहते आणि लिपिक बदलला तरी पुढच्या माणसाच्या हाती पडते. ई-मेलच्या बाबतीत मात्र अनेक शाळा आणि ग्रंथालये आपला सगळा पत्रव्यवहार एखाद्या शिक्षकाच्या किंवा ग्रंथपालाच्या खासगी खात्यावर चालू देतात, आणि ती व्यक्ती निवृत्त झाली किंवा बदलून गेली, की प्रवेशाचे अर्ज, पुस्तकविक्रेत्यांची देयके, पालकांची निवेदने आणि वर्षानुवर्षांचा संदर्भ तिच्याबरोबर निघून जातो. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक कृतीच्या वेळी एकच प्रश्न विचारावा, असा माझा आग्रह आहे: आज हे खाते वापरणारी व्यक्ती उद्या येथे नसेल, तर संस्थेचे काम अडेल का?

डोमेन नाव कोणाच्या नावावर आहे?

सुरुवात डोमेन नावापासून करावी, कारण ई-मेल पत्त्यातील ‘@’ या चिन्हानंतरचा भाग संस्थेच्या मालकीचा असेल तरच बाकीची व्यवस्था संस्थेची म्हणता येते. नोंदणी संस्थेच्या नावाने करावी, संपर्कासाठी पदाचा पत्ता द्यावा आणि देयक संस्थेच्याच खात्यातून भरावे. हा संपर्काचा पत्ता त्याच डोमेनवरचा एकमेव पत्ता असू नये. अन्यथा डोमेन बंद पडल्यावर नूतनीकरणाची सूचना ज्या पत्त्यावर यायची, तो पत्ताच बंद पडलेला असतो. संकेतस्थळ बनवून देणाऱ्या व्यावसायिकाने सोयीसाठी स्वतःच्या नावाने नोंदणी केलेली असेल, तर ती आधी संस्थेकडे वर्ग करून घ्यावी आणि मगच पुढचे काम हाती घ्यावे. बहुतेक सर्वसाधारण डोमेन नावांची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी करता येते. मुदत संपून सवलतीचा काळही उलटला, की ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो आणि शाळेच्या नावाने येणारी पत्रे परक्याच्या हाती जाऊ शकतात. म्हणून नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या वार्षिक कामांच्या यादीत, लेखापरीक्षणाच्या शेजारी लिहून ठेवावी.

सेवा निवडताना स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे पत्रे घेणारा आणि पाठवणारा संगणक, चालवण्याचा मोह टाळावा. पूर्णवेळ तंत्रज्ञ नसलेल्या संस्थेला तो पेलत नाही, आणि नव्या सर्व्हरवरून गेलेली पत्रे स्पॅममध्ये पडण्याचा त्रास महिनोन्‌महिने सोसावा लागू शकतो. गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मूलभूत आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टच्या शैक्षणिक सेवेची ए१ (A1) आवृत्ती पात्र शैक्षणिक संस्थांना विनामूल्य मिळते. गूगलच्या या आवृत्तीत संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट सामाईक साठवण असते. सार्वजनिक ग्रंथालयाला शाळेचीच पात्रता लागू होईल असे गृहीत धरू नये. अर्ज करण्यापूर्वी संबंधित सेवेच्या अटी वाचाव्यात आणि नोंदणीचे दाखले हाताशी ठेवावेत.

पदांचे पत्ते आणि व्यक्तींचे पत्ते

खाती उघडण्यापूर्वी कागदावर दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत संस्थेची कायम राहणारी कामे येतात: मुख्याध्यापक, कार्यालय, प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय, देवघेव, खरेदी. दुसऱ्या यादीत माणसे येतात. पालक, वाचक आणि विक्रेते यांना छापील पत्रकांवर व फलकांवर केवळ पहिल्या यादीतील पत्ते द्यावेत. या पत्त्यांसाठी एकच पासवर्ड चौघांमध्ये वाटून घेण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि ती पूर्णपणे सोडून द्यावी, कारण कोणते उत्तर कोणी पाठवले हे नंतर सांगता येत नाही आणि एक जण सोडून गेला की चौघांची गैरसोय होते. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टच्या सेवेत सामाईक टपालपेटी उघडावी; तिला ५० गिगाबाइटपर्यंत वेगळा परवाना लागत नाही. गूगलच्या सेवेत गट तयार करून त्याची सामाईक पेटी करता येते, किंवा एका खात्याचा कारभार इतरांना सोपवता येतो. दोन्हीकडे प्रत्येक कर्मचारी स्वतःच्याच पासवर्डने आत येतो, म्हणून कोणाचाही प्रवेश काढून घेणे हे एका ओळीचे काम राहते.

व्यक्तींच्या पत्त्यांसाठी एकच साचा ठरवावा आणि तो मोडू नये. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब हा साचा वाचायला सोपा आहे; एकाच नावाच्या दोन व्यक्ती आल्या तर दुसऱ्या पत्त्यात मधल्या नावाचे आद्याक्षर घालावे. टोपणनावे, जन्मवर्षे आणि हजेरी क्रमांक पत्त्यात नसावेत. जन्मवर्षामुळे व्यक्तीची खासगी माहिती विनाकारण उघड होते आणि हजेरी क्रमांक तर दरवर्षी बदलतो. मराठी नावांचे रोमन लेखन एका व्यक्तीचे तीन प्रकारे होऊ शकते, तेव्हा जे लेखन सेवापुस्तकात किंवा प्रवेश नोंदवहीत आहे, तेच घ्यावे. देवनागरी अक्षरांतील पत्ते २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६५३१ या मानकामुळे शक्य झाले आहेत आणि आपल्या लिपीत पत्ता असावा ही इच्छा अगदी योग्य आहे. परंतु सगळ्या सेवा आणि सगळे ऑनलाइन अर्ज असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत, म्हणून आज तरी तो मुख्य पत्त्याला जोडलेला दुसरा पत्ता म्हणूनच ठेवावा.

पोस्टमास्टर या नावाचा पत्ताही विसरू नये. ज्या डोमेनवर पत्रे स्वीकारली जातात, तेथे हा पत्ता चालू असला पाहिजे, असे ई-मेलच्या मूळ नियमांतच सांगितलेले आहे.

संस्थेच्या नावाने खोटी पत्रे जाऊ नयेत यासाठी

हा भाग तांत्रिक वाटतो, म्हणून बहुतेक जण तो अर्धवट सोडतात, आणि त्याची किंमत पालकांना मोजावी लागते. ई-मेलच्या मूळ रचनेत पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय नव्हती. कोणीही ‘शुल्क या नव्या खात्यात भरा’ असे पत्र शाळेच्या नावाने धाडू शकत असे. ही उणीव डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाविषयीच्या जाहीर नोंदवहीत, केल्या जाणाऱ्या तीन नोंदी भरून काढतात. त्याआधी अर्थातच एमएक्स नोंद करावी लागते, कारण संस्थेच्या पत्त्यावर आलेले पत्र कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे, हे तीच सांगते.

पहिली नोंद एसपीएफ. आमच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, याची ती जाहीर यादी असते. एका डोमेनला अशी एकच नोंद असावी. दोन झाल्या तर तपासणी फसते. शिवाय तिच्यातून होणाऱ्या डीएनएस चौकशा १० पेक्षा जास्त झाल्या, तरीही ती निरुपयोगी ठरते, त्यामुळे जुन्या सेवांची नावे वेळोवेळी काढून टाकावीत. दुसरी नोंद डीकेआयएम. तिच्यामुळे प्रत्येक पत्रावर मोहोरेसारखी एक डिजिटल सही उमटते आणि वाटेत मजकूर बदलला गेल्यास ती सही जुळत नाही. या सहीसाठी लागणारी संगणकीय किल्ली २०४८ बिट लांबीची निवडावी. तिसरी डीमार्क. पहिल्या दोन तपासण्यांतून पत्र उतरले नाही तर त्याचे काय करावे, हे ती पत्र घेणाऱ्या सर्व्हरला सांगते आणि संस्थेला अहवालही मिळवून देते.

डीमार्कची कडक आज्ञा पहिल्याच दिवशी लावू नये. आधी केवळ अहवाल मागवणारी सौम्य आज्ञा ठेवावी आणि काही आठवडे ते अहवाल वाचावेत. शुल्कभरणा प्रणाली, ग्रंथालयाची आज्ञावली, निकाल पाठवणारी सेवा, जिन्यातला स्कॅनर अशी पत्रे पाठवणारी कितीतरी विसरलेली ठिकाणे त्या अहवालांतून सापडतात. ती सगळी नोंदवून झाली, की आज्ञा ‘संशयित पत्रे बाजूला ठेवा’ येथपर्यंत आणि शेवटी ‘नाकारा’ येथपर्यंत न्यावी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्व पाठवणाऱ्यांकडून निदान एसपीएफ किंवा डीकेआयएमची अपेक्षा धरली आहे आणि दिवसाला ५,००० पेक्षा अधिक पत्रे जीमेलकडे पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी बंधनकारक केल्या आहेत. लहान शाळा त्या आकड्याजवळ जात नाही हे खरे, तरी तिन्ही नोंदी कराव्यातच, कारण येथे प्रश्न पालकांच्या विश्वासाचा आहे.

विद्यार्थ्यांची खाती

विद्यार्थ्यांना खाती देण्यापूर्वी ती कशासाठी हवी आहेत, हे ठरवावे. लहान मुलांना वर्गाच्या प्रणालीत प्रवेश करण्यापुरते खाते पुरते. त्यांना ई-मेल पाठवण्याची सोय देण्याची गरज नसते. मधल्या वर्गांना केवळ संस्थेच्या आत पत्रव्यवहार करता येईल अशी मर्यादा घालावी, आणि बाहेर पत्र पाठवण्याची मुभा मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवणुकीनंतर द्यावी. हे सर्व ई-मेल सेवेच्या नियंत्रण कक्षातील (ॲडमिन कन्सोल) विभागांच्या रचनेवर अवलंबून असते. कर्मचारी आणि विद्यार्थी असे दोन मोठे विभाग करावेत, आणि विद्यार्थ्यांच्या विभागात इयत्तेऐवजी प्रवेशवर्षाप्रमाणे उपविभाग करावेत. इयत्ता दर वर्षी बदलते, प्रवेशवर्ष बदलत नाही, आणि शाळा सोडून जाणारी संपूर्ण तुकडी एकाच वेळी हाताळता येते. खाती एकेक करून भरत बसू नये. स्प्रेडशीटमधील यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) रूपात चढवावी, मात्र प्रारंभीचा पासवर्ड प्रत्येकाला वेगळा द्यावा आणि पहिल्या प्रवेशात तो बदलणे सक्तीचे करावे.

पालकांची संमती लेखी घ्यावी. अल्पवयीन मुलांच्या माहितीविषयी आपल्या ठिकाणी जो कायदा लागू असेल तो वाचावा आणि संमतीपत्रात साध्या भाषेत तीन गोष्टी सांगाव्यात: कोणती माहिती साठवली जाईल, ती कोण पाहू शकेल, आणि खाते केव्हा नष्ट होईल. शिक्षकांना मुलांची पत्रे वाचण्याचा सरसकट अधिकार देऊ नये. गंभीर तक्रार आल्यास कोणाच्या लेखी आदेशाने आणि कोणाच्या उपस्थितीत खाते तपासले जाईल, हे आधीच ठरलेले असावे. ऐन प्रसंगी घाईने घेतलेला निर्णय मुलावर अन्याय करू शकतो.

ग्रंथालयातून जाणाऱ्या सूचना

ग्रंथालयाचा ई-मेल बराचसा आपोआप जातो: परतीची तारीख जवळ आली, राखून ठेवलेले पुस्तक आले, मुदत उलटली. कोहा ही ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी मुक्त आज्ञावली न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टमध्ये जानेवारी २००० मध्ये प्रथम वापरात आली आणि आज जगभरातील ग्रंथालयांत चालते. तिच्यात अशा सूचना आधी एका रांगेत जमा होतात आणि ठरावीक वेळी आपोआप चालणारे काम त्या सूचना मेल सर्व्हरकडे सोपवते. वाचकांनी ‘सूचना आली नाही’ अशी तक्रार केली, तर आधी ही रांग पाहावी: पत्र रांगेतच अडकले आहे, की बाहेर पडून परत आले आहे, हे तेथेच कळते. गूगल वर्कस्पेसमध्ये एका खात्यावरून दिवसाला साधारणपणे २,००० पत्रेच पाठवता येतात, हेही मोठ्या ग्रंथालयाने लक्षात घ्यावे आणि सूचनांसाठी वेगळे खाते ठेवावे. त्या खात्यावर वाचकांनी दिलेली उत्तरे देवघेव विभागाच्या पेटीत पडतील अशी व्यवस्था करावी. ‘या पत्राला उत्तर देऊ नका’ असा पत्ता वापरणे मला ग्रंथालयाला शोभणारे वाटत नाही. हरवलेल्या पुस्तकाबद्दल सांगू पाहणाऱ्या वाचकाला दार बंद दिसू नये.

पुस्तकाचे शीर्षक पत्राच्या विषयओळीत कधीही लिहू नये. फोनच्या पडद्यावर विषयओळ कुलूप न उघडताही दिसू शकते, आणि आजारपण, कायदा किंवा कौटुंबिक अडचण यांवरचे पुस्तक मागवणाऱ्या वाचकाची वाचनाची निवड घरातल्या इतरांपुढे उघडी पडते. ‘आपण राखून ठेवलेले पुस्तक आले आहे’ एवढे पुरेसे आहे. अनेक सभासदांना एकच पत्र पाठवायचे असेल, तर सगळे पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यात घालावेत किंवा टपालयादी वापरावी. परत आलेल्या पत्रांवरून चुकीचे पत्ते दर महिन्याला दुरुस्त करावेत.

किल्ल्या कोणाकडे

सर्वोच्च प्रशासकाची खाती दोन असावीत, दोन वेगळ्या व्यक्तींकडे, आणि ती रोजच्या पत्रव्यवहारासाठी वापरू नयेत. दोन्हींवर दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज फोनवरच्या संकेतांकासारखा दुसरा पुरावा, अनिवार्य करावी आणि आपत्कालीन संकेतांक बंद पाकिटात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवावेत. कर्मचाऱ्यांसाठीही पडताळणी सक्तीची करावी. ज्यांना स्वतःचा फोन वापरायचा नाही, त्यांना यूएसबी सुरक्षा किल्ली द्यावी. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलण्याची जुनी सक्ती काढून टाकावी, कारण लोक शेवटचा आकडा वाढवून मोकळे होतात. लांब पासवर्ड एकदाच ठेवावा आणि तो फुटल्याचा संशय आला की लगेच बदलावा. संस्थेबाहेरच्या खात्यावर पत्रे आपोआप पुढे पाठवण्याची सोय बंद ठेवावी. तिच्यामुळे विद्यार्थ्यांची माहिती नकळत खासगी खात्यात साचत जाते.

कोणी सोडून जाताना

पदभार सोडण्याच्या यादीत किल्ल्या आणि ओळखपत्राबरोबर ई-मेल खात्याची ओळ असावी. शेवटच्या दिवशी खाते नष्ट करू नये. प्रथम पासवर्ड बदलावा, सर्व उपकरणांवरील प्रवेश रद्द करावा, सामाईक पेट्यांमधून नाव काढावे, आणि पुढे कोणाशी संपर्क साधावा हे सांगणारे स्वयंचलित उत्तर लावावे. त्या व्यक्तीच्या नावावर असलेली सामाईक कागदपत्रे दुसऱ्याच्या मालकीची करावीत. ही पायरी चुकली तर खात्याबरोबर संपूर्ण विभागाच्या प्रश्नपत्रिका आणि ग्रंथयाद्या नाहीशा होऊ शकतात. काढून टाकलेले खाते गूगलच्या सेवेत २० दिवसांपर्यंत आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवेत ३० दिवसांपर्यंतच परत आणता येते. विद्यार्थ्यांना मात्र शाळा सोडण्यापूर्वी पुरेसा अवधी द्यावा, स्वतःचे लेखन आणि छायाचित्रे कशी उतरवून घ्यावीत हे वर्गात दाखवावे, आणि खाते बंद होण्याची तारीख त्यांच्याबरोबर पालकांनाही लेखी कळवावी.

नवी व्यक्ती रुजू झाल्यावर तिला पदाच्या पेटीत प्रवेश द्यावा आणि मागच्या वर्षभरातील अपूर्ण राहिलेली पत्रे तिच्याबरोबर बसून एकदा चाळावीत. साधारण तासाभराचे हे काम आहे, आणि एखाद्या पालकाचे अनुत्तरित पत्र बहुधा त्यातच सापडते.